अनुभवाला वाचा कोण देतो?

श्रोतेहो, व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस बोलाविले तेव्हा विषय इतिहासाचा असावा, एवढीच अट घातली. आम्ही काही इतिहासाचे पंडित नव्हे. शाळा नववीत सुटली. पुढचे वाचन झाले ते युनियनच्या कचेरीतील एका लाकडी कपाटात होते तेवढ्या पुस्तकांवर, आणि सार्वजनिक वाचनालयांत, पाळी सुटल्यावर. तेव्हा सनावळीत पंडितांशी स्पर्धा करण्याचा आमचा मानस नाही. परंतु कारखान्यांच्या फाटकांवर तीस वर्षे उभे राहिल्यावर एक प्रश्न आम्हांस सोडीत नाही, आणि त्याचे उत्तर शोधावयास इतिहासाकडेच जावे लागले.

प्रश्न असा. एखादा कामगार युनियनची वर्गणी वेळेवर देतो. टाळेबंदीत रात्रीची गस्त घालतो, पोलिसांची काठीही खातो. तोच मतदानाच्या दिवशी कात्रपच्या शाळेत रांगेत उभा राहतो आणि ज्या पक्षाने कामगारांच्या कामी बोटही हलविलेले नाही, त्याच्या चिन्हापुढील बटण दाबून घरी येतो. आमचे काही सहकारी त्याला अडाणी म्हणतात, काही तर तो विकला गेला असे म्हणतात. आम्हांस हे दोन्ही निदान मान्य नाही. तीस वर्षांत आम्ही इतक्या माणसांच्या घरी बसलो आहो, की मत फुकाचे नसते एवढे कळले आहे. मराठी भाषेने मोठी गंमत केली आहे. मनातला विचार आणि पेटीत टाकावयाची चिठ्ठी, या दोहोंनाही ती 'मत' असेच म्हणते. चिठ्ठी एका क्षणात पडते. मागचा विचार मात्र कधीकधी दोन पिढ्यांत घडलेला असतो.

कोणी म्हणेल, यात नवे ते काय? माणूस अनुभवातून शिकतो, हे तर लहान पोरही सांगेल. खरे आहे. पण एकच अनुभव घेतलेली दोन माणसे दोन टोकांना का जातात, हे पोराला सांगता येणार नाही, आणि आम्हांसही बरीच वर्षे सांगता येत नव्हते. आपल्या ठाणे जिल्ह्याची, आणि त्याला रेल्वेने व पोटाने जोडलेल्या मुंबईची, गेल्या शंभर वर्षांची हकीकत पाहिली तर थोडा उजेड पडतो.

प्रथम जवळचे उदाहरण घेऊ. कात्रपहून पूर्वेकडे, मुरबाड तालुक्यात सिद्धगड आहे. २ जानेवारी १९४३ रोजी पहाटे तेथे पोलिसांच्या गोळीबारात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पडले. दर वर्षी त्या दिवशी लोक तेथे जातात. आझाद दस्त्याने विजेचे मनोरे पाडले, मुंबईच्या गिरण्यांना आणि गाड्यांना जाणारा प्रवाह तोडला, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु माणूस एके दिवशी उठून मनोरे पाडावयास जात नाही. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानला गरीब नाभिक कुटुंबात जन्मले. थंड हवेसाठी आलेल्या साहेबांचे आणि शेठजींचे ते गाव. वर बंगले, आणि खालच्या वाड्यांत सावकाराच्या पायरीवर बसलेले शेतकरी, कातकरी, ठाकूर. वकील झाल्यावरही कोतवाल या खालच्या वाड्यांतच वावरले. त्यांनी शाळा काढल्या, आणि पावसाळ्यात शेतकऱ्याला दाण्यासाठी सावकाराचे दार ठोठवावे लागू नये म्हणून धान्यकोठ्या उभ्या केल्या. आमच्या मते सिद्धगडाची वाट या धान्यकोठीतून निघते. ज्याने सावकाराच्या वहीमागे कोर्ट पाहिले, कोर्टामागे पोलीस आणि पोलिसामागे सरकार पाहिले, त्याला १९४२ साली 'चले जाव' याचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागला नाही. आणि ज्या कातकऱ्या-ठाकरांनी त्या दस्त्याला रानात थारा दिला, त्यांनी काही स्वराज्यावरची पुस्तके वाचलेली नव्हती. हा माणूस कोठीच्या वेळी आपल्या बाजूने होता, एवढे त्यांनी पाहिले होते.

आता जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊ. येथे थोडे थांबावे लागेल. डहाणू, उंबरगाव, तलासरी हा वारल्यांचा मुलूख. उंबरगाव १९६० साली गुजरातेत गेले, आणि २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाला. आमच्या कथेच्या वेळी हे सारे ठाणे जिल्ह्यातच होते. जमिनी वारल्यांच्या हातून सावकार-जमीनदारांकडे गेलेल्या. खंड द्यावयाचा, वर मालकाच्या शेतावर वेठीने राबावयाचे. लग्नासाठी थोडके पैसे उचलावे, आणि त्यापायी नवराबायकोने मालकाचे गुलाम होऊन राहावे. अशा माणसाला लग्नगडी म्हणत. शब्द ऐकावयास किती साधा! मार होता, आणि बायकांच्या अब्रूचे तर बोलावयासच नको. हे एकदोन वर्षे नव्हे, पिढ्यानुपिढ्या चालले होते. आता विचारावयाचे ते हे: दुःखाने आपोआप राजकारण शिकविले असते, तर वारली १८९० सालीच क्रांतिकारक व्हावयास हवा होता. तसे झाले नाही. मालक मारतो हा अनुभव होता. पण तो दैवासारखा होता, पाऊस न पडावा तसा. पावसाविरुद्ध कोणी ठराव करीत नाही.

बदल कोठे झाला? आपल्या शेजारी, टिटवाळ्याला. जानेवारी १९४५ मध्ये तेथे किसान सभेची परिषद भरली. शामराव आणि गोदावरी परुळेकर तिच्या कार्यकर्त्यांत होते. उंबरगाव तालुक्यातील काही वारली तिकडे आले. त्यांनी तेथे काय पाहिले? आपल्यासारखीच फाटकी माणसे उभी राहून चारचौघांत आपल्यावरचा जुलूम सांगताहेत, आणि ऐकणारे हसत नाहीत, मारीतही नाहीत. एवढेच. पण या एवढ्याशा गोष्टीने दैवाचे राजकारण झाले. त्यानंतर गोदावरीबाई त्या भागात गेल्या, आणि २३ मे १९४५ रोजी झरी गावी काही हजार वारली जमले. तेथे जे ठरले ते कोणत्याही अर्थशास्त्राच्या ग्रंथाला लाजवील इतके सरळ होते: बारा आणे रोज मिळाल्याखेरीज मालकाच्या खाजगी शेतावर राबावयाचे नाही, वेठ करावयाची नाही, मारावयास आला तर मार खावयाचा नाही, आणि सर्वांनी एक राहावयाचे. लग्नगडी मोकळे होऊ लागले. पावसाळा सरता सरता गवत कापण्याच्या मजुरीचा लढा आला: पाचशे पौंड गवताला अडीच रुपये. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला जमलेल्या जमावावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे ठार झाले.

गोळीबार हाही एक अनुभवच. त्याने माणसे घरी बसावयास हवी होती. उलट बावटा अधिक पक्का झाला. कारण त्या वेळेपर्यंत 'आपण' असे म्हणावयास वारल्याजवळ माणसे होती. एकट्याने गोळी पाहिली असती, तर भीती उरली असती. हजारोंनी पाहिली म्हणून हुतात्मे झाले. शामराव परुळेकर १९५७ साली ठाण्यातून लोकसभेवर निवडून गेले. आणि अलीकडचे पाहावयाचे तर २०१९ आणि २०२४ या दोन्ही विधानसभा निवडणुकांत डहाणूची जागा मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाकडेच राहिली. आज मत देणाऱ्या वारली मुलाने लग्नगडी डोळ्यांनी पाहिलेला नाही. त्याच्या आजीच्या आईने पाहिला होता, आणि तिने सांगितले. घरात सांगितला गेलेला अनुभव हाही जमिनीसारखा वारशाने येतो. फक्त त्याचा सात-बारा निघत नाही.

गोदावरीबाईंविषयी एक शब्द बोलल्यावाचून पुढे जाववत नाही. त्या १९०७ सालच्या. पुण्याच्या सुखवस्तू वकिलाच्या घरच्या, कायद्याच्या पदवीधर, भारत सेवक समाजात काम केलेल्या. वारल्याच्या अनुभवाचा एक कणही त्यांच्या वाट्याला जन्माने आला नव्हता. तरी त्या त्यांच्याबरोबर रानात हिंडल्या, त्यांच्या झोपडीत राहिल्या, आणि 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक १९७० साली लिहिले. तेव्हा अनुभव जन्मानेच यावा लागतो असा जो अलीकडे दंडक घातला जातो, तो आम्हांस पटत नाही. मात्र तो शेजारी राहून घ्यावा लागतो. मोटारीतून घेता येत नाही.

आता याच रेल्वेच्या वाटेने अलीकडे यावे. उल्हासनगर म्हणजे दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी उभारलेली कल्याण छावणी. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना त्या बराकींत आणून ठेविले, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते तिचे उल्हासनगर झाले. कराची, हैदराबाद, शिकारपूर येथली भरली घरे सोडून आलेली ही माणसे. एका रात्रीत सर्वस्व जाणे हा अनुभव लग्नगड्याहून कमी दारुण नव्हे. पण त्यातून निघालेले मत वेगळे. जमीन जाते, घर जाते, सरकारचे वचन जाते; हातातले कसब आणि नातेवाइकाचा शब्द राहतो, हे ज्याने पाहिले, तो मोर्चाकडे न वळता गाळ्याकडे वळला. फाळणीचा राग ज्यांनी काँग्रेसवर धरला ते जनसंघाकडे गेले. ज्यांना छप्पर आणि रेशन मिळाल्याचे स्मरण राहिले ते काँग्रेसबरोबर राहिले. बराक एक, गाडी एक, आणि मते दोन. युनियनच्या दृष्टीने बोलावयाचे तर उल्हासनगर हे आमचे कठीण रान आहे. जेथे मालकही कालचा बेघर आणि कामगाराशेजारी बसून शिलाईचे यंत्र चालविणारा, तेथे 'मालकवर्ग' हा शब्द जिभेवर अडखळतो. आमच्या काही मंडळींना त्यावरून त्या गावाचा राग येतो. आम्हांस मात्र तेथली निर्वासित म्हातारी माणसे फार शिकवून गेली.

आता मुंबईच्या गिरण्यांकडे वळू. कारण कात्रप-कुळगावच्या कितीतरी इमारतींत राहणाऱ्या घरांची मुळे लालबाग-परळच्या चाळींत आहेत. गिरणी म्हणजे एकच अनुभव, असे पूर्वीच्या पुढाऱ्यांनी मानले. १९२८ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चाललेला दीड लाख कामगारांचा संप हा त्या एकीचा मोठा पुरावा. पण त्याच संपात डॉ. आंबेडकरांनी एक कडू गोष्ट पुढे मांडली. साचेखात्यात पगार अधिक, परंतु तेथे अस्पृश्य कामगारांना घेत नसत. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, आणि अस्पृश्याच्या ओठाला लागलेला धोटा सवर्ण कामगाराला चालत नसे. कमी पगाराचे त्रासन खाते तेवढे त्यांना मोकळे. म्हणजे छप्पर एक, भोंगा एक, मालक एक, आणि मधल्या भिंतीच्या दोन बाजूंना दोन निराळे अनुभव. त्रासन खात्यातील माणूस निळ्या झेंड्याखाली गेला, त्यात जातीयता पाहणाऱ्यांनी धोट्याकडे पाहिले नाही. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक कलहाच्या विधेयकाविरुद्ध स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून एक दिवसाचा संप केला. तशी जोड पुढे फारशी जमली नाही, याचे दुःख आम्हांस आहे.

त्याच १९२८ साली जर्मनीत कार्ल मानहाइम नावाच्या समाजशास्त्रज्ञाने पिढ्यांच्या प्रश्नावर एक निबंध लिहिला. ऐन तारुण्यात जे अंगावर येते त्याची छाप जन्मभर राहते, पुढचे सारे त्याच चष्म्यातून दिसते, असे त्याचे प्रतिपादन. जड लिखाण आहे. पण चाळीतील दहा बाय दहाची खोली समजावयास आम्हांस त्याचा उपयोग झाला. बापाचे तारुण्य संपात गेले, त्याचा बावटा लाल. मुलगा मॅट्रिक झाला, त्याला गिरणीत जावयाचे नव्हते. त्याचे तारुण्य कचेऱ्यांच्या दारांत अर्ज घेऊन उभे राहण्यात गेले, आणि आत बसलेल्या साहेबांची परप्रांतीय नावे 'मार्मिक' साप्ताहिकात छापून येत होती. शिवसेना १९ जून १९६६ रोजी स्थापन झाली. ५ जून १९७० रोजी परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला, आणि पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नीचा पराभव करून शिवसेनेचे वामनराव महाडीक निवडून आले. बाप आणि मुलगा एकाच ताटात जेवत होते, पण त्यांचे अनुभव एक नव्हते. लाल बावट्याकडे बापासाठी भाषा होती. मुलासाठी ती वेळेवर तयार झाली नाही, आणि दुसऱ्याने तयार करून दिली.

पुढे १८ जानेवारी १९८२. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले. १९४६ च्या कायद्याने मालकांशी बोलण्याचा अधिकार एकाच मान्यताप्राप्त संघाला दिलेला, आणि कामगार तर त्याच्या मागे नव्हते. संप मिटला असे कोणी कधी जाहीर केले नाही. तो माणसांबरोबर झिजत गेला. १९८४ च्या डिसेंबरात सारा देश काँग्रेसला मते देत असता गिरणगावाने डॉक्टरांना लोकसभेत पाठविले. आणि चारच महिन्यांनी, १९८५ साली, मुंबई महापालिका शिवसेनेकडे गेली. लोक किती चंचल, असे तेव्हा वर्तमानपत्रांत अनेकांनी म्हटले असेल. आम्हांस त्यात चंचलपणा दिसत नाही.

आम्ही त्या वेळी बारा वर्षांचे होतो. वडील एका गिरणीत साचेखात्यात. आमच्या शेजारी राहणारे काका त्याच गिरणीत, त्याच खात्यात, दोन साचे पलीकडे. दोघेही एकाच दिवशी बाहेर पडले, आणि दोघांनाही परत घेतले गेले नाही. दोघांच्या घरची भांडी एकाच मारवाड्याकडे गेली. आईच्या मंगळसूत्रातल्या वाट्या गेल्या तेव्हा काकूंच्या बांगड्या आधीच गेलेल्या होत्या. यापेक्षा सारखा अनुभव कोणता असणार? परंतु वडील मरेपर्यंत युनियनवाले राहिले, आणि काका युनियनचे नाव काढले की तोंड फिरवीत. आम्ही पुष्कळ वर्षे या दोघांचा ताळा लावीत होतो. बुद्धीत फरक नव्हता. काका वडिलांपेक्षा अधिक वाचीत. फरक पडला दुसऱ्या वर्षी. आमच्या गावकीचा चाळीत एक गाळा होता. संपवाले पंधरा-वीस जण तेथे एकत्र जेवत, गावाहून आलेली ज्वारी वाटून घेत, रात्री कायद्यावर वाद घालीत. वडिलांना आपण हरलो असे वाटले; आपण एकटे पडलो असे कधी वाटले नाही. काकांना गावकी नव्हती. त्यांची मुलगी तापाने फणफणली तेव्हा चाळीतील चळवळ्या मंडळींपैकी कोणी त्या दारात गेले नाही. शाखेतला एक पोरगा गेला, त्याने टॅक्सी आणली, आणि इस्पितळात रात्रभर बसला. काकांनी पुढे जन्मभर कोणाला मत दिले हे सांगावयास नको. आणि त्या पोराच्या जागी आम्ही असतो तर आम्हांस जसा अभिमान वाटला असता, तसाच त्याला वाटला असेल, हेही न्यायाने म्हटले पाहिजे.

पुढे दोन्ही घरे या बाजूला आली. स्वस्त खोली आणि स्टेशन, एवढे पाहून माणसे येत. तेव्हा कात्रपला भातखाचरे होती, आणि शेतावरून चालत गाडी गाठावी लागे. आज तेथे इमारतींची रांग आहे, आणि त्यांत गिरणगाव आहे, कोकण आहे, खानदेश आहे, उत्तरेकडचे लोक आहेत. सकाळच्या गाडीच्या डब्यात सारे एकमेकांच्या अंगावर उभे असतात, पण एकमेकांचा अनुभव ऐकावयास कोणाला उसंत नाही. अंबरनाथ-बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींत आज जो पोरगा कामाला लागतो, त्याचा कंत्राटदार दर वर्षी बदलतो, यंत्र तेच राहते. त्याला धोटाही नाही आणि गावकीचा गाळाही नाही. सायंकाळी तो मोबाइल उघडतो, आणि त्याच्या दुःखाचे नाव काय, अपराधी कोण, हे तेथे कोणीतरी आधीच ठरवून ठेविलेले असते. काकांच्या दारात निदान एक जिवंत माणूस टॅक्सी घेऊन आला होता.

२० ऑगस्ट २०२४ रोजी बदलापूर स्थानकात लोक रुळांवर उतरले ते आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले. दोन चिमुरड्या मुलींवरच्या अत्याचाराने गाव पेटले होते. दिवसभर गाड्या थांबल्या, संध्याकाळी काठ्या चालल्या, माणसे धरली गेली. दुसऱ्या दिवसापासून ते लोक कोणाचे होते यावर पक्षांचे भांडण सुरू झाले. ते कोणाचेच नव्हते, असे आमचे मत आहे. त्यांत आमच्या कंत्राटी कामावरच्या काही बायाही होत्या. त्यांनी त्या दिवसाविषयी आम्हांस जे सांगितले त्यात पक्षाचे नाव एकदाही आले नाही. कामावर गेल्यावर घरी मुलीला कोण पाहते, हे मात्र पुन्हापुन्हा आले. या अनुभवाचे उद्या काय मत होईल, हे आज कोणी सांगू शकणार नाही. संतापाचे बोलणे करावयास त्यांच्याजवळ कोण बसते, यावर ते पुष्कळसे अवलंबून राहील.

आमच्या कचेरीत सभासदत्वाच्या अर्जावर अलीकडे एक रिकामी जागा ठेविली आहे: यापूर्वी काम कोठे होते, आणि ते का सुटले. बहुतेक जण एका ओळीत उरकतात. मागील महिन्यात एका बाईने पुढची जागा भरल्यावर कागद उलटून मागची कोरी बाजूही भरली, आणि अर्ज टेबलावर ठेवताना विचारले, "दादा, हे वाचणार कोण?"